तळ कोरडा, तेल स्वच्छ, तरीही इंजिनातले पाणी कमी होते आणि ओढीला काटा 100 वर जातो

हर्णैकर

नमस्कार. हर्णै बंदरात आमची 46 फुटी लाकडी ट्रॉलर आहे. वडील तांडेल (नौकेचे प्रमुख) आहेत आणि गेली चार वर्षे इंजिन मी सांभाळतो. इंजिन सहा सिलिंडरचे, 120 अश्वशक्तीचे डिझेल आहे. इंजिनाच्या अंगात गोडे पाणी फिरते आणि ते कूलरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड होते. धुराडे कोरडे, म्हणजे धुरात पाणी न मिसळणारे, कॅबिनच्या वर जाणारे आहे. खारे पाणी कूलरमधून निघून डाव्या अंगाच्या नळीतून परत समुद्रात पडते.

जून-जुलैची बंदी संपल्यावर नारळी पौर्णिमेची पूजा करून आम्ही समुद्रात उतरलो. पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीपासून असे होऊ लागले, की नुसते चालताना पाण्याच्या तापमानाचा काटा 82 ते 85 अंशांवर स्थिर राहतो, पण जाळे सोडून ओढ सुरू केली आणि इंजिन मिनिटाला 1600 फेऱ्यांवर ठेवले, की साधारण चाळीस मिनिटांत काटा 98 ते 100 वर जातो. जाळे उचलून इंजिन मंद केले की दहा मिनिटांत तो खाली येतो. बंदरावर परतल्यानंतर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर गोड्या पाण्याच्या टाकीचे झाकण उघडले, की दर फेरीला अडीच ते तीन लिटर पाणी घालावे लागते. एकूण पाणी 26 लिटर मावते. आम्ही घराच्या विहिरीचे पाणी आणि त्यात थोडे हिरवे कूलंट घालतो.

हे तीन लिटर पाणी जाते कुठे, हेच मला समजत नाही. इंजिनाखालचा तळ मी फडक्याने कोरडा केला, त्यावर पुठ्ठे पसरले आणि आठ तासांची फेरी करून आलो. पुठ्ठ्यांवर तेलाचे दोन ठिपके सोडले तर काहीही नव्हते. होज पाइप आणि क्लिपा बंदीच्या काळातच नव्या टाकल्या आहेत. खाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारे रबरी पात्यांचे चाक) तुटला होता, तोही तेव्हाच बदलला. डिपस्टिकवर तेल स्वच्छ दिसते, दुधाळ झालेले नाही. गेल्या शुक्रवारी एक वेगळीच गोष्ट घडली. ओढ चालू असताना काटा 100 वरून एकाएकी 70 वर उतरला. आम्हाला बरे वाटले आणि आम्ही आणखी अर्धा तास ओढ चालू ठेवली.

बंदरातल्या फिटरने प्रथम थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर कूलरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, पण त्याने फरक पडला नाही. उलट मला तर काटा आता लवकर चढतो असे वाटते. आता त्याचे म्हणणे आहे की हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे, गॅस्केट गेले आहे आणि हेड उघडावेच लागेल. ऐन हंगामातले आठ-दहा दिवस जातील आणि पाच खलाशांचा खर्च चालूच राहील. हेड उघडण्याआधी आणखी काय तपासावे, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

मिरकरवाडा फिटर

तुमच्या फिटरचे म्हणणे अगदीच निराधार नाही. गॅस्केट गेले की ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो, पाणी झाकणातून बाहेर ढकलतो आणि इंजिन तापते. ओढीला तापणे आणि मंद चालीला निवळणे हे त्या दोषातही दिसते. मात्र हेड उघडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात, असे मी माझ्या गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो.

सकाळी इंजिन थंड असताना टाकी काठोकाठ भरावी, झाकण न लावता इंजिन सुरू करावे आणि पाण्याकडे बघत राहावे. सुरुवातीचे मिनिटभर अडकलेल्या हवेचे बुडबुडे येतात, त्यांना महत्त्व देऊ नये. त्यानंतरही बुडबुडे थांबत नसतील आणि इंजिनाच्या फेऱ्या वाढवल्या की तेही वाढत असतील, तर गॅस्केटवर किंवा हेडच्या तड्यावर संशय घ्यावा. दुसरी खूण वरच्या होज पाइपची. झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच, पाणी अजून कोमटही झालेले नसताना, तो पाइप हाताला दगडासारखा घट्ट लागला, तर तो दाब उष्णतेचा नसून वायूचा असतो.

टाकीच्या गळ्याजवळून निघणारी बारीक नळी कुठे सोडली आहे तेही पाहा. बऱ्याच नौकांवर ती कूलरच्या मागे लोंबत असते आणि तिच्यातून गेलेली वाफ कुणाला दिसत नाही. त्या नळीचे तोंड एका रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत सोडून बाटली तारेने बांधून ठेवा. फेरीअखेर बाटलीत किती पाणी जमते, ते आम्हाला कळवा.

निवृत्त सागरी अभियंता, ठाणे

मी तीस वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिन खोलीत काढली आहेत आणि निवृत्तीनंतर कोकणातल्या काही नौकामालकांना सल्ला देतो. उत्तर थोडे लांबेल, कारण तुमच्या प्रश्नात बऱ्याच खुणा तुम्ही स्वतःच दिल्या आहेत.

सर्वांत आधी शुक्रवारच्या त्या काट्याबद्दल लिहितो, कारण इंजिनाला सर्वांत मोठा धोका त्या अर्ध्या तासात होता. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोपर्यंतच तो पाण्याचे तापमान सांगतो. पातळी इतकी खाली गेली की सेन्सर उघडा पडला, तर तो भोवतालच्या वाफेचे किंवा हवेचे तापमान दाखवतो आणि काटा खाली येतो. म्हणजे काटा 70 वर आला तेव्हा इंजिन थंड झालेले नव्हते, सेन्सरपाशी पाणीच उरलेले नव्हते. यापुढे चढलेला काटा कारण नसताना एकाएकी उतरला, तर त्याच क्षणी ओढ थांबवा, इंजिन मंद करा आणि लवकरात लवकर बंद करा. तापलेल्या इंजिनाचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. झाकणावर 0.7 बार दाब असेल तर आतले पाणी सुमारे 115 अंशांपर्यंत न उकळता राहते आणि झाकण सैल होताच ते एका झटक्यात वाफ होऊन तोंडावर येते. तसेच तापलेल्या ओतीव लोखंडात थंड पाणी ओतल्याने हेडला तडा जाऊ शकतो. धाकधूक कितीही असली तरी झाकणावर हात टेकवता येईल इतका वेळ थांबावे.

आता मूळ प्रश्न. बंद चक्रातून पाणी नाहीसे होण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. ते बाहेर गळून तळात पडेल, तेलात उतरेल, सिलिंडरमध्ये जाऊन धुराड्यातून पांढऱ्या वाफेच्या रूपाने निघेल, झाकणातून उतू जाईल, किंवा कूलरच्या आत खाऱ्या पाण्यात मिसळून समुद्रात जाईल. तुमचा तळ कोरडा आहे. तेलाबद्दल डिपस्टिकवर पूर्ण विश्वास ठेवू नका. पाणी तेलापेक्षा जड असल्याने रात्रभरात खाली बसते आणि डिपस्टिक वरचेच तेल दाखवते. पहाटे इंजिन सुरू करण्यापूर्वी संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) तळाचा नट दोन-तीन आटे सैल करा आणि पहिले चमचाभर द्रव पारदर्शक बाटलीत घ्या. संपात पाणी असेल तर प्रथम तेच येईल. दर फेरीला तीन लिटर पाणी तेलात जात असते, तर तेलाची पातळी वाढून तुम्हाला ते एव्हाना कळलेच असते. म्हणून ही वाट मला कमी संभवनीय वाटते. सिलिंडरमध्ये तेवढे पाणी जात असते तर कोरड्या धुराड्यातून गरम इंजिनावरही पांढरी वाफ दिसली असती आणि सकाळी सुरू करताना एखादा सिलिंडर अडखळला असता. तसे तुम्ही लिहिलेले नाही.

उरतात झाकण आणि कूलर. झाकणासाठी मिरकरवाड्याच्या मिस्त्रींनी सांगितलेली बाटली बांधाच. माझा अधिक संशय कूलरवर आहे. त्याच्या पोटात तांबे-निकेलच्या बारीक नळ्यांचा जुडगा असतो. सामान्य रचनेत नळ्यांच्या आतून खारे पाणी आणि बाहेरून गोडे पाणी वाहते. इंजिन गरम असताना गोड्या बाजूचा दाब खाऱ्या बाजूपेक्षा जास्त असतो. एखाद्या नळीला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले तरी गोडे पाणी त्यातून नळीत शिरते आणि डाव्या अंगाच्या नळीतून खाऱ्या पाण्याबरोबर समुद्रात पडते. तळ कोरडा, तेल स्वच्छ, धूर साफ आणि टाकी रिकामी, हे सगळे एकाच वेळी दिसण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

यात आणखी एक घातक बाब आहे. इंजिन बंद करून ते थंड झाले, की गोडे पाणी आकुंचन पावते, दाब उतरतो आणि त्याच भोकातून कूलरमध्ये साचलेले खारे पाणी आत ओढले जाते. म्हणजे दिवसा गोडे पाणी बाहेर आणि रात्री खारे पाणी आत, असा व्यवहार चालतो. हे खरे आहे की नाही ते घरीच तपासता येईल. टाकीच्या गळ्याला पांढरा थर दिसतो का पाहा. तो खरवडून चमचाभर साध्या पाण्यात टाका; मीठ असेल तर लगेच विरघळेल. न विरघळता त्यावर व्हिनेगर टाकल्यावर फसफसले, तर तो विहिरीच्या पाण्यातला चुना समजावा. याहून चांगली परीक्षा सिल्व्हर नायट्रेटची आहे, ते कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असते. टाकीतल्या पाण्याच्या नमुन्यात त्याचे दोन थेंब टाकावेत आणि शेजारी तुमच्याच विहिरीचे पाणी आणि कूलंट मिसळून केलेला ताजा नमुना ठेवावा. विहिरीच्या पाण्यातही थोडा क्षार असतो, म्हणून तुलना हवीच. खारे पाणी शिरलेले असेल तर नमुना दह्याच्या निवळीसारखा गढूळ न राहता त्यात पांढरा साका धरेल. पाणी जिभेवर ठेवून चव घेण्याची सवय काही खलाशांना असते. ती त्यांना करू देऊ नका, कारण कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल गोड लागते पण विषारी आहे.

आता तापण्याबद्दल. पाणी कमी होणे आणि इंजिन तापणे हे एकाच दोषाचे परिणाम आहेत असे गृहीत धरू नका. टाकी काठोकाठ भरून निघाल्यावर पहिल्या चाळीस मिनिटांतच काटा 98 वर जात असेल, तर तेवढ्या वेळात फारसे पाणी गेलेले नसते. म्हणजे उष्णता समुद्रात पोहोचण्यात वेगळा अडथळा असण्याची शक्यता आहे. त्यासाठी मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. धक्क्याला नौका बांधून, गिअर न टाकता, इंजिन 1600 फेऱ्यांवर ठेवा आणि डाव्या अंगाच्या नळीखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते मोजा. पंप इंजिनाच्या गिअरवर चालतो, त्यामुळे त्याचे पाणी फेऱ्यांवर ठरते, भारावर नाही. हे मोजमाप धक्क्यावर केले तरी चालते. दुसरे, ओढ चालू असताना समुद्राचे पाणी आणि नळीतून पडणारे पाणी, या दोन्हींचे तापमान साध्या थर्मामीटरने घ्या. तिसरे, बंदीत तुम्ही जो तुटलेला इम्पेलर काढला, त्याची किती पाती जागेवर होती आणि तुटलेली पाती सापडली का, ते आठवून सांगा.

थर्मोस्टॅटही परत बसवून घ्या. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना कूलरकडची वाट मोकळी करतो आणि त्याच वेळी पंपाकडे परत जाणारी आडवाट बंद करतो. तो काढून टाकला की आडवाट कायम उघडी राहते आणि बरेचसे गरम पाणी कूलरला न शिवताच इंजिनात फिरत राहते. काटा आता लवकर चढतो, असे तुम्ही लिहिले आहे, त्याचे कारण हे असू शकते. थंड पाण्याच्या भांड्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगून, थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला तर तो ठीक आहे.

हर्णैकर

साहेब, मिस्त्री, आपण दोघांनी एवढे सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. शुक्रवारच्या काट्याचे वाचल्यावर वडिलांनाही धक्का बसला. आम्ही दोन दिवस समुद्रात गेलो नाही, सर्व तपासण्या केल्या आणि मग केवळ मोजमापासाठी किनाऱ्याजवळ एक छोटी ओढ मारली.

झाकण न लावता इंजिन सुरू केले तेव्हा सुरुवातीला थोडे बुडबुडे आले, मग पाणी शांत झाले. फेऱ्या वाढवल्यावरही बुडबुडे आले नाहीत. वरचा होज पाइप पंधरा मिनिटांनी, पाणी गरम झाल्यावरच घट्ट झाला. गळ्याजवळच्या नळीला बांधलेल्या बाटलीत चहाचा अर्धा कप भरेल इतकेही पाणी नव्हते. पहाटे संपचा नट सैल केला, तर काळे तेलच आले, पाणी आले नाही.

टाकीच्या गळ्याच्या आतल्या कडेला खरोखरच पांढरा, किंचित खरखरीत थर होता. मी रोज झाकण उघडतो, पण तो विहिरीच्या पाण्याचा असेल असे समजून त्याकडे कधी लक्ष दिले नाही. नखाने खरवडून पाण्यात टाकला, तो पूर्ण विरघळला. माझा आतेभाऊ दापोलीत प्रयोगशाळेत काम करतो. त्याने दोन परीक्षानळ्यांत दोन नमुने घेऊन सिल्व्हर नायट्रेट टाकले. विहिरीच्या पाण्याचा नमुना धुरकट झाला. टाकीतल्या नमुन्यात थेंब पडताच पांढरे दाट ढग तयार झाले आणि थोड्या वेळाने ते तळाला बसले. ते पाहून मला वाईट वाटले, कारण दोन-अडीच आठवडे इंजिनात मीठ फिरत होते.

आता बादली. आमची बादली 15 लिटरची आहे. 1600 फेऱ्यांवर ती भरायला 22 सेकंद लागले. तीन वेळा मोजले. ओढीच्या वेळी समुद्राचे पाणी 28 अंश आणि नळीतून पडणारे पाणी 51 अंश होते. थर्मोस्टॅट पाण्यात तापवून पाहिला, तो व्यवस्थित उघडतो. मोजमापाच्या फेरीआधीच तो परत बसवला होता.

इम्पेलरबद्दल सांगायचे तर जुन्याची आठपैकी पाच पाती शिल्लक होती. तुटलेल्या तीनपैकी एक पाते पंपातच अडकलेले मिळाले. बाकीची दोन कुठे गेली, हा विचार तेव्हा आमच्या डोक्यात आला नाही.

निवृत्त सागरी अभियंता, ठाणे

तुमची मोजमापे इतकी नीट आहेत की फार तर्क करावा लागत नाही. हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे पुढे तुम्हाला स्वतःलाच तो करता येईल.

15 लिटर 22 सेकंदांत म्हणजे मिनिटाला सुमारे 41 लिटर, सेकंदाला साधारण 0.7 किलो. समुद्राच्या एका किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे 4 किलोज्यूल लागतात. तुमचे पाणी 23 अंशांनी तापले. 0.7 गुणिले 4 गुणिले 23 म्हणजे सुमारे 64 किलोवॅट उष्णता समुद्रात जात आहे. 120 अश्वशक्ती म्हणजे सुमारे 90 किलोवॅट, आणि डिझेल इंजिनात पाण्यात जाणारी उष्णता ढोबळमानाने दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीच्या दोन तृतीयांशापासून तिच्या बरोबरीपर्यंत असते. पूर्ण भाराखालच्या ओढीला 64 किलोवॅट ही अपेक्षित संख्या आहे. इंजिन अवाजवी उष्णता निर्माण करत नाही. खारे पाणी कमी येते, हा दोष आहे. एवढ्या इंजिनाला मिनिटाला 100 लिटरच्या वर पाणी मिळायला हवे. तेवढे मिळाले असते तर बाहेर पडणारे पाणी 36-37 अंशांवर असते. 51 अंश हे तापण्याच्या दृष्टीने वाईट आहेच, शिवाय खारे पाणी 50-55 अंशांच्या पुढे गेले की नळ्यांत क्षार धरू लागतात, वाट आणखी अरुंद होते आणि दोष स्वतःच वाढत जातो.

इम्पेलर नवा असताना पाणी कमी का येते, याचे उत्तर त्या दोन हरवलेल्या पात्यांत आहे असे मला वाटते. पंपातून सुटलेले रबर प्रवाहाबरोबर पुढे जाते आणि पहिल्या अरुंद जागी थांबते. ती जागा गिअर तेलाच्या छोट्या कूलरचे तोंड असेल किंवा मोठ्या कूलरच्या नळ्यांचे तोंड असेल. पाते एकदा अडकले की शेवाळ, जाळ्याचे धागे आणि प्लास्टिक त्यावर येऊन बसते. म्हणूनच पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या आणि मग त्रास सुरू झाला.

दोन्ही कूलर उघडा. मोठ्या कूलरची खाऱ्या बाजूची दोन्ही झाकणे काढा, पण गोड्या पाण्याची जोडणी तशीच ठेवा. टाकीच्या गळ्यावर दाब तपासण्याचा हातपंप बसवून झाकणावर लिहिला आहे तेवढाच दाब द्या, त्याहून जास्त नको, आणि विजेरीच्या उजेडात नळ्यांची तोंडे कोरडी पुसून अर्धा तास बघत बसा. भोक असलेल्या नळीच्या तोंडाशी थेंब येईल. हेड उघडण्याची गरज मला आज दिसत नाही.

मालवण, पर्यटन नौका

आमच्याकडे 2 पर्यटन नौका आहेत आणि असाच कूलर आम्ही 2 वर्षांपूर्वी उघडला होता, म्हणून उघडताना घ्यायच्या काळजीबद्दल थोडे लिहितो.

नळ्या साफ करायला पोलादी तारेचा ब्रश वापरू नये. तांबे-निकेलच्या नळीच्या आत एक पातळ, तपकिरी रंगाचा संरक्षक थर असतो आणि तो खरवडला गेला की नळी तिथूनच झिजू लागते. आम्ही बांबूची गुळगुळीत कामटी किंवा नायलॉनचा ब्रश वापरतो. क्षार घट्ट बसले असतील तर लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून त्यात जुडगा तासभर बुडवून ठेवावा आणि मग गोड्या पाण्याने भरपूर धुवावा. शौचालय साफ करण्याचे आम्ल ओतून झटपट काम करण्याची पद्धत काही बंदरांवर आहे. त्यात मिठाचे आम्ल असते आणि क्षारांबरोबर ते धातूही खाते.

कूलरवर जस्ताची कांडी असलेला एक पितळी नट असतो, तो जरूर उघडून पाहा. समुद्राच्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की त्यांतला एक झिजतो. जस्त स्वतः झिजते आणि नळ्यांना वाचवते. कांडी निम्मी झिजली की बदलायची असते. आमच्या नौकेवर ती पूर्ण संपून नुसता नट उरला होता आणि नवा नट बसवताना कामगाराने आट्यांना पांढरी टेप गुंडाळली होती. ती टेप गुंडाळू नये, कारण जस्ताचा आणि कूलरच्या अंगाचा धातूशी धातू असा संबंध राहिला तरच कांडी काम करते.

हर्णैकर

काल दिवसभर काम केले. सविस्तर लिहितो, कारण पुढे कुणाला अशीच अडचण आली तर त्याला उपयोग होईल.

गिअर तेलाचा कूलर स्वच्छ निघाला. मोठ्या कूलरचे खारे पाणी येणाऱ्या बाजूचे झाकण काढले तेव्हा समोरच इम्पेलरचे एक काळे पाते नळ्यांच्या तोंडावर आडवे बसलेले होते. दुसरे पाते खालच्या कोपऱ्यात होते आणि त्याला निळ्या जाळ्याच्या धाग्यांचा हातभर गुंता अडकलेला होता. एकूण 64 नळ्या आहेत. त्यांतल्या 37 नळ्यांची तोंडे रबर, धागे आणि गाळाने झाकली गेली होती. नळ्यांच्या आत पांढरे क्षार होते, पण बांबूच्या कामटीने आणि लिंबूसत्त्वाने ते निघाले.

जस्ताची कांडी नव्हतीच. नटाच्या जागी बाजारातला साधा पितळी बोल्ट बसवलेला होता आणि तो कुणी कधी बसवला, हे वडिलांनाही आठवत नाही.

दाब देण्याचा हातपंप दापोलीच्या एका गॅरेजमधून आणला. 0.7 बार दाब दिला. दहा मिनिटांत तो 0.4 वर आला. मी आणि धाकटा भाऊ विजेरी धरून बसलो होतो. वरून तिसऱ्या रांगेतल्या एका नळीच्या तोंडाशी प्रथम ओल दिसली, मग थेंब लोंबू लागला आणि पडला. तो पुसून पुन्हा पाहिले, पुन्हा तिथेच आला. अर्ध्या तासात खालच्या रांगेत आणखी एक नळी सापडली. दोन्ही नळ्या खारे पाणी आत येते त्या बाजूच्या आहेत. तिथल्या खरादवाल्याकडून निमुळत्या पितळी खुंट्या करून घेतल्या आणि दोन्ही नळ्या दोन्ही तोंडांनी बंद केल्या. पुन्हा दाब दिला तेव्हा तासाभरात काटा हलला नाही.

मिरकरवाड्याच्या मिस्त्रींना फोनवर विचारले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एकूण नळ्यांच्या दहाव्या हिश्शापर्यंत नळ्या बंद कराव्या लागल्या तरी कूलर काम देतो, पण एकदा नळ्यांना भोके पडू लागली की इतरांनाही पडतील, हे गृहीत धरून नवा जुडगा मागवावा. तो मागवला आहे.

बंद चक्र विहिरीच्या पाण्याने भरून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन तापवून आणि थंड झाल्यावर रिकामे करून चार वेळा धुतले. प्रत्येक वेळी आतेभावाने नमुना तपासला. चौथ्या नमुन्याचा धुरकटपणा विहिरीच्या पाण्याइतकाच होता. शेवटी खनिजरहित पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे भरले. आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही म्हणून आम्ही आजवर कूलंट नावापुरते घालत होतो. ते गंज आणि चुना रोखण्यासाठीही असते, हे साहेबांनी फोनवर समजावून सांगितले. जस्ताची नवी कांडी टेप न गुंडाळता बसवली.

आज सकाळी धक्क्यावर बादली 8 सेकंदांत भरली. दुपारी दोन तासांची पूर्ण ओढ मारली. समुद्र 28 अंश, नळीतले पाणी 37 अंश, काटा 84 वर आणि तो तिथेच राहिला. संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर झाकण उघडले तेव्हा पाणी सकाळी खडूने केलेल्या खुणेवर होते. इंजिन काही काळ पाण्याशिवाय तापले होते, म्हणून साहेबांच्या सल्ल्याने तेल आणि फिल्टर बदलले. हेड उघडलेले नाही. पुढचे दहा दिवस मी रोज सकाळी टाकीतील पातळी आणि ओढीच्या वेळची दोन्ही तापमाने वहीत लिहिणार आहे आणि नवा जुडगा आला की बसवण्यापूर्वी त्याची जस्ताची जागा प्रथम पाहणार आहे.